बुडालेल्या राज्यांची नाणी: नागपुरात बसून संग्रह कसा सुरू करावा

माझ्या आजीचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातलं. लग्न होऊन ती नदीच्या अलीकडे वऱ्हाडात आली आणि पुढे वडिलांच्या नोकरीपायी आमचं बिऱ्हाड नागपूरच्या महालात येऊन पडलं. तिच्या कुंकवाच्या डब्यात एक काळी पडलेली चांदीची चवन्नी होती. आजी गेल्यावर मी ती चिंच लावून, वरून राखेनं घासून अशी लख्ख केली की घरच्यांनी शाबासकी दिली. काही महिन्यांनी एका जुन्या संग्राहकाला मी ती मोठ्या तोऱ्यात दाखवली. त्यानं भिंग लावलं, दोन्ही बाजू पाहिल्या, चवन्नी परत माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "मारून टाकली ना बाप्पा तुम्ही हिला."

तेव्हा नियम पहिला, आणि तो बाकी सगळ्यांच्या आधी: नाणं घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यातलं काहीही नाही. घासताना नाण्याचा वरचा पातळ थर निघून जातो आणि तो पुन्हा येत नाही. माती असेल तर साध्या, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडानं टिपून घ्या. टिपायचं आहे, पुसायचं नाही.

बुडालेलं राज्य म्हणजे नेमकं काय?

हे आधी ठरवलं नाही तर वर्षभरात घरात जगातल्या चिल्लरची पिशवी जमते, संग्रह जमत नाही.

काही राज्यं दुसऱ्यात विरघळली. हैदराबाद १९४८ मध्ये भारतात आलं, झांझिबार १९६४ मध्ये टांगानिकाशी जोडलं जाऊन टांझानिया झालं, पूर्व जर्मनी १९९० मध्ये पश्चिम जर्मनीत मिळाला, सिक्कीम १९७५ मध्ये आपल्यात आलं. काही फुटली: सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीस, चेकोस्लोव्हाकिया साधारण एक वर्षानं, १९९२ च्या शेवटच्या दिवशी, आणि युगोस्लाव्हिया त्याच सुमारास रक्तपात करत. काहींना जगानं राज्य म्हणून धड मानलंच नाही, पण नाणी त्यांनी पाडली. काँगोतून फुटू पाहणाऱ्या कटांगानं १९६१ मध्ये केळ्याच्या घडाचं नाणं काढलं. चीनमध्ये जपाननं उभ्या केलेल्या मांचुकुओकडे युद्धाच्या शेवटी धातू उरला नाही, तेव्हा त्यांनी लालसर तपकिरी फायबरची नाणी केली. ही नाणी हातात घेतली की कॅरमची सोंगटी घेतल्यासारखं वाटतं.

आणि काहींनी नुसतं नाव बदललं. सिलोनची १९७२ मध्ये श्रीलंका झाली. माझ्या हिशेबात हे बुडणं नव्हे, नुसतं बारसं आहे. तुम्हाला ती नाणी हवी असतील तर खुशाल घ्या, पण वेगळ्या पानावर ठेवा.

नागपूरकरांसाठी एक गंमत. आपलं स्वतःचं बुडालेलं राज्य, सीपी अँड बेरार म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, त्याचं नाणं शोधायला निघाल तर आयुष्य जाईल. तो ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता, त्याला स्वतःची टांकसाळ नव्हती. पण नागपूरच्या भोसल्यांना होती.

आधी घर, मग बाजार

नवखे लोक पहिल्याच दिवशी मोबाइल उघडून परदेशी नाणी मागवतात. तसं करू नका. आधी देव्हारा, आजीची पेटी, गावाकडच्या घरातलं जुनं कपाट पाहा. विदर्भातल्या घरांत तीन-चार बुडालेली राज्यं सहज निघतात.

पहिली शिवराई. तांब्याचं जाडसर, वेडंवाकडं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं कडं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही कितीतरी टांकसाळींतून निघत राहिलं. त्यामुळे हातात आलेली शिवराई बहुतेक वेळा उत्तरकाळातली असते. अक्षरं बिघडलेली, मध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' ही तर सर्रास मिळते. विकणारा मात्र प्रत्येक शिवराई 'महाराजांच्या काळातली' म्हणूनच विकतो. मान डोलवा, पण पैसे दुदांडीचेच द्या.

दुसरी पुतळी. गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटमध्ये आहे. त्या नाण्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असतो आणि मागच्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू उभा असतो. समुद्रावरून आलेल्या या सोन्यावरच्या आकृती पाहून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनपुढे संपलं, पुतळ्यांच्या माळा चालूच राहिल्या. मात्र सोनारांनी केलेल्या नकला अस्सल डुकाटांपेक्षा किती तरी जास्त आहेत. आईच्या माळेतली एक पुतळी 'तपासायला' म्हणून सोडवून घेऊ नका. नाण्यापेक्षा घरातली शांतता महाग पडते.

तिसरा हाली शिक्का, निजामाचा. वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या सीमेवरच्या घरांत हा हमखास असतो. इंग्रजांच्या रुपयाला लोक कलदार म्हणत आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा हिशेब चाले. चौथी कंपनीची आणि राणी छाप तांब्याची पै आणि पाव आणा. ईस्ट इंडिया कंपनी हेही एक बुडालेलं सरकारच, १८५८ मध्ये तिच्या हातून राज्य गेलं.

आणि भोसल्यांचा रुपया? नागपूरच्या सराफाकडे 'रघुजीराजांच्या नावाचा रुपया द्या' म्हणाल तर तो हसेल किंवा फसवेल. त्या काळच्या बहुतेक मराठा रुपयांप्रमाणे भोसल्यांच्या रुपयांवरही दिल्लीच्या बादशहाचंच नाव फारसीत असे. ओडिशा त्यांच्याकडे असताना कटकच्या टांकसाळीत अहमदशहाच्या नावानं रुपये पडत होते, बादशहा मरून गेला तरीही. शेवटच्या रघुजींचं १८५३ मध्ये निधन झालं, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. ही नाणी ओळखायची तर टांकसाळीच्या खुणा पाहाव्या लागतात आणि ते पहिल्या वर्षाचं काम नाही. तोवर सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात जा. १८६३ सालचं हे मध्यवर्ती संग्रहालय आपण शाळेच्या सहलीत भुसा भरलेल्या प्राण्यांसाठी पाहिलेलं असतं. आता नाण्यांसाठी जा. जायच्या आधी कोणतं दालन उघडं आहे, एवढं विचारून घ्या.

हद्द आखून घ्या

माझा सल्ला असा: सुरुवातीला एक देशी आणि एक परदेशी राज्य, एवढंच. देशीत हैदराबाद, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर किंवा कच्छ. परदेशीत पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ किंवा युगोस्लाव्हिया, कारण ही नाणी लाखोंनी पडली आणि साधी नाणी अजूनही एक-दोन प्लेट तर्री-पोह्यांच्या पैशात मिळून जातात.

त्या राज्याचं पहिलं आणि शेवटचं नाणं मिळवायचं, असं लक्ष्य ठेवा. मधली भर आपोआप पडते. शेवटच्या नाण्यांवर तर राज्य कसं गेलं तेच उमटलेलं असतं. सोव्हिएत संघाच्या नेहमीच्या नाण्यांवर कणसांच्या वेढ्यातलं राजचिन्ह असे. १९९१ च्या शेवटच्या मालिकेवर ते नाहीच, तिथे क्रेमलिनचा मनोरा आणि नुसतं स्टेट बँकेचं नाव आहे. कच्छच्या चांदीच्या नाण्याला कोरी म्हणत; मदनसिंहजींच्या विक्रम संवत २००४ च्या (साधारण १९४७) कोरीवर 'जय हिंद' आहे. संस्थान अजून उभं होतं आणि नाण्यावर नव्या देशाची घोषणा आली होती. हे नाणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ बोललो नव्हतो, आणि मला ओळखणाऱ्यांना ते खरं वाटणार नाही.

याच कच्छनं १९३६ मध्ये आठव्या एडवर्डच्या नावानं कोऱ्या पाडल्या. ब्रिटनमध्ये त्याचं नाणं चलनात यायच्या आत त्यानं गादी सोडली. भुजच्या टांकसाळीनं मात्र वेळ दवडला नाही.

नाणं वाचायला शिका

इथे वेळ घालवा. पैशांपेक्षा हा वेळच पुढे उपयोगी पडतो.

फारसी-उर्दू आकडे एका संध्याकाळी येतात. एक ते तीन आपल्या ओळखीचेच वाटतात. पाच म्हणजे पोकळ गोल किंवा उलटं हृदय, शून्य म्हणजे नुसतं टिंब. इथेच सगळे चुकतात, पाचाला शून्य समजतात. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे उलटा व्ही.

आता साल. हिजरी सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. आजीच्या चवन्नीवर १३५८ आहे. गुणाकार साधारण १३१७, त्यात ६२२ मिळवले की १९३९. एखाद-दुसऱ्या वर्षाचा फरक चालतो. विक्रम संवतातून ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा. ऑटोमन तुर्कांची रीत जरा चकवणारी आहे: नाण्यावर सुलतान गादीवर आला ते साल असतं आणि वर राज्यवर्षाचा वेगळा आकडा. १३२७ आणि ५ असं दिसलं तर १३२७ म्हणजे १९०९ धरून नाणं साधारण १९१३ चं.

हैदराबादच्या विसाव्या शतकातल्या चांदीच्या नाण्यांवर चारमिनार आहे. त्याच्या मधल्या कमानीत भिंगानं पाहा, निजामाच्या नावाचं पहिलं फारसी अक्षर दिसेल. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. कमान घासली गेली असेल तर ओळखायला साल आहेच. माझ्या चवन्नीतला ऐन मी चिंचेनं जवळपास मिटवला आहे.

उदयपूरच्या रुपयावर 'चित्रकूट उदयपुर' आणि मागे 'दोस्ति लंधन' असं आपल्याच लिपीत लिहिलेलं असतं, म्हणून तो नवख्यांना फार सोपा जातो.

परदेशीत, सोव्हिएत नाण्यांवर इंग्रजीतल्या सी-सी-सी-पी सारखी दिसणारी अक्षरं असतात. ती रशियन आहेत, उच्चार एस-एस-एस-आर. राजचिन्हाभोवती कणसांवर गुंडाळलेल्या फितीचे वेढे मोजा. एक वेढा म्हणजे एक प्रजासत्ताक. १९५६ मध्ये करेलो-फिनिश प्रजासत्ताकाचा दर्जा गेला आणि १९५७ पासून नाण्यावरचे वेढे १६ चे १५ झाले. युगोस्लाव्हियाच्या चिन्हात मशाली मोजा: आधी पाच, १९६३ पासून सहा. पूर्व जर्मनीची बहुतेक नाणी ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की खेळण्यातली वाटतात. जुन्या एक मार्कवर 'डॉइच मार्क' आणि पुढच्यावर फक्त 'मार्क' असतं. जर्मनी एक आहे हे म्हणणंच त्या सरकारनं मध्ये सोडून दिलं, ते नाण्यावर असं दिसतं.

जर्मन पूर्व आफ्रिकेचं चलन होतं 'रुपी', कारण तिथल्या किनाऱ्यावर व्यापार आपल्या रुपयात चाले. कैसरच्या डोक्यावर गरुडाचं शिरस्त्राण, वजन आपल्या कलदार रुपयाएवढंच, ११.६६ ग्रॅम. म्हणजे एक तोळा. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो ते सोडा, जुना तोळा म्हणजे एक रुपयाभार वजन.

खरेदी, आणि फसवणूक

नागपुरात जुनी नाणी फिरतात ती इतवारीच्या सराफ ओळीत, भंगार आणि जुन्या भांड्यांच्या व्यापाऱ्यांकडे, आणि शहरात अधूनमधून भरणाऱ्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनांत. सराफाकडे कलदार आणि संस्थानी रुपया बऱ्याचदा चांदीच्या भावानं मिळतो. त्याला धातूशी मतलब असतो, त्यामुळे दुर्मिळ साल कधीकधी तिथे साध्या भावात सुटतं. पण दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी विकले जाणारे व्हिक्टोरिया छापाचे रुपये सराफानं अलीकडे पाडलेले असतात. ते पूजेला उत्तम, संग्रहाला नाही.

प्रदर्शनात पहिल्या दिवशी काही घेऊ नका. सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारा, भाव विचारा, चहा घ्या. "काऊन जी, एवढा भाव?" असं हसत विचारलं तर उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरात नाण्याबद्दल बरंच शिकायला मिळतं. जो विक्रेता साल वाचून दाखवतो आणि दोष स्वतः सांगतो, त्याच्याकडे परत जा.

सगळ्यात मोठा फसवा माल म्हणजे १८१८ सालचं, 'ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेलं आणि मागे राम दरबार किंवा हनुमान असलेलं तांब्याचं नाणं. हे कोट्यवधींना जातं, तांदूळ ओढून घेतं, अशा कथा तुम्ही ऐकल्या असतील. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. मद्रासकडच्या तिच्या काही सोन्याच्या नाण्यांवर देव होते, पण ती गोष्ट निराळी. मी सुद्धा असं एक बसस्टँडजवळ घेतलं होतं, आजही ते टेबलावर कागद दाबायला आहे. याच्याच जोडीला 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' असे फोन येतात आणि आधी कमिशन भरायला सांगतात. आपण जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करत नाही आणि त्यावर शुल्कही घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे.

ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा मोठा चांदीचा थालर दिसला तर त्यावर बहुतेक १७८० असतं. ती राणी त्याच वर्षी वारली, पण व्यापाऱ्यांना तोच छाप हवा होता म्हणून पुढे दोनशे वर्षं तेच साल टाकून नाणं पाडलं गेलं. ते खोटं नाही, पण अठराव्या शतकातलंही बहुधा नाही.

तीन साधनं पुरतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, आणि व्यास मोजायला व्हर्नियर. वजन आणि व्यास नुमिस्ता या संकेतस्थळावर फुकट ताडून पाहता येतात, तिथलाच केएम क्रमांक (क्राउझ-मिशलर या नाण्यांच्या सूचीतला) टिपून ठेवा, सगळे विक्रेते त्याच क्रमांकानं बोलतात. चुंबकही ठेवा, पण नाणं चिकटलं म्हणजे खोटं असं नाही. निकेलचं आणि पोलादी नाणं चिकटणारच. चांदीचं चिकटलं तर मात्र उठून चालू लागा. कडेवर मध्यातून फिरणारी बारीक रेघ दिसली तर ते नाणं साच्यात ओतलेलं असतं.

ठेवायचं कसं

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम घेऊ नका. त्या पीव्हीसीनं काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कार्डबोर्डचे दोन-बाय-दोन इंची होल्डर स्वस्त आणि चांगले. पिना मारल्यावर पकडीनं सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो.

पुस्तकांत दमटपणाचे इशारे असतात ते किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. नागपूरच्या कोरड्या हवेत काय होणार, असं मलाही वाटायचं. पण आपण मे महिन्यात दारं लावून डेझर्ट कूलर चालवतो आणि खोलीचा पावसाळा करून टाकतो. कूलरच्या खोलीतल्या तांब्यावर हिरवा गंज चढतो, तो मी पाहिला आहे. नाणी दुसऱ्या खोलीत, बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नाणं धरायचं ते कडेनं, आणि तेही गादीवर किंवा टॉवेलवर हात ठेवून. महालातल्या जुन्या शहाबादी फरशीवर पडलेलं नाणं कडेला दबतंच.

कायद्याचं थोडं

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला वाढदिवसाला शिवराई कुरिअर करू नका. बाहेरून मागवलेल्या पाकिटावर सीमाशुल्क लागू शकतं, म्हणून बिल जपा.

शेतात नांगरताना, घराचा पाया खणताना नाणी निघाली तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे लोकांना नको वाटतं. पण १९३९ मध्ये वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, तो एकत्र राहिला म्हणूनच त्या राजांचा क्रम लावायला मदत झाली. तो साठा मूठमूठ करून वाटला गेला असता तर त्यातलं काहीच कळलं नसतं. तेव्हा 'वावरात सापडलं' म्हणून कोणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका.

वही

शेवटचं काम रोजचं आहे. प्रत्येक नाण्यासाठी एक ओळ: राज्य, राजा किंवा सरकार, मूल्य, मूळ साल आणि इसवी साल, धातू, वजन, व्यास, कुठून, किती रुपयांना, स्थिती. मोबाइलवर लिहा नाहीतर वहीत, पण ज्या दिवशी नाणं आलं त्याच दिवशी. स्थिती लिहिताना स्वतःला सूट देऊ नका, विकणाऱ्यानं 'एकदम नवं' म्हटलं होतं हे विसरा. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे:

हैदराबाद, उस्मान अली खान, ४ आणे, हिजरी १३५८ (१९३९), चांदी, आजीच्या डब्यातून, मोल नाही. स्थिती: घासलेली. कोणी: मी.